गाजवेळची मूठ

"मूठभरच घे गो. आणि घेतलंस तां परत ठेवूक इसरू नको."

आई जाऊन वर्षं लोटली, तरी तिचं हे सांगणं वरदाच्या कानात रोज सकाळी एकदा तरी उमटायचंच, आणि तेही नेमकं टपालाची पिशवी उघडताना. कारण त्या पिशवीतून जे जे बाहेर यायचं, ते सगळं कुणीतरी कधीतरी उचललेलं आणि परत न ठेवलेलं असायचं.

आज पहिली हाती आली ती अत्तराची बाटली. आत अत्तर नव्हतं, फिकट गुलाबी वाळू होती. पाठवणाऱ्या बाईंनी सोबत लिहिलं होतं, 'लग्नानंतरच्या सहलीत माझ्या आजीनं ही बहामातल्या हार्बर बेटावरून आणली. तो किनारा आता निम्माही उरला नाही असं ऐकते. तुम्ही मुठीवरून किनारा उगवून आणता म्हणे. तेव्हा ही घ्या, आणि आजीला क्षमा करा.'

वरदानं बाटली आधी कपाळाला लावली आणि मग काचेच्या ताटलीत उपडी केली.

"आली, आणखी एक चोरी आली," पलीकडच्या टेबलावरून फैयाज मुकादम म्हणाले. ते पुळणशाळेचे, म्हणजे किनारे उगवून आणणाऱ्या या केंद्राचे प्रमुख. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला माणूस, त्यामुळे बोलणं खारट आणि मन गोड. "वरदाताई, जगात चोर नसते तर आपल्या दोघांना नोकरी कुणी दिली असती?"

"चोर नका म्हणू हो. मोह झाला असेल बिचारीला. रंग तरी बघा."

रंग खरंच बघण्यासारखा होता. वरदानं ताटली कणवाचक यंत्राखाली सरकवली तशी समोरच्या पडद्यावर एकेक कण बोराएवढा दिसू लागला. पांढऱ्या शिंपल्यांच्या चुऱ्यात तांबूस रंगाचे, बारीक भोकं पडलेले तुकडे विखुरलेले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका समुद्री जिवाची ती कवचं. ती पांढऱ्यात मिसळली की सगळा किनारा गुलाबी दिसतो. पण वरदाची नजर कवचांवर नव्हती. कणांच्या खाचाखोचांत दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर असतो, तो ती शोधत होती. तो थर जिवंत असतो. बाटलीत कोंडला, वाळला, तरी त्यातले जीव झोपी जातात, मरत नाहीत.

"साय आहे," ती म्हणाली. "झोपलीय. पण आहे."

"मग लागा कामाला."

किनारा उगवून आणायचा म्हणजे काय, हे पुळणशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला वरदा एकाच तऱ्हेनं सांगायची. दही लावतो ना आपण, तसंच. विरजण चांगलं हवं. कणवाचक मुठीतला कण न् कण फोडून, विरघळवून वाचतो: तो कशाचा, किती गोल, कुणाशेजारी बसलेला. साय बाजूला काढून हौदात वाढवतात. मग समुद्राच्या पाण्यातला चुना आणि गारगोटीचा अंश वेचून ती सायच नवे कण घडवू लागते, अगदी मूळ घडणीचे. हौद भरला की ते विरजण त्या त्या देशी जातं आणि किनाऱ्यापासून थोड्या खोल पाण्यात पेरलं जातं. बाकीचं काम लाटा करतात. यातली अडचण एकच. वाचलेली मूठ उरत नाही. आणि मूठ अपुरी असेल तर किनारा उगवतो, पण अंगानं अधू.

असे कितीतरी हौद गाजवेळ गावाच्या कातळसड्यावर, समुद्रालगतच्या उघड्या खडकाळ पठारावर, ओळीनं मांडलेले होते. रोज सकाळी वरदा अनवाणी त्यांच्या मधून चालत जायची. एका हौदात जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची वाळू होती, तिचा प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली चांदणी. एकात ऑस्ट्रेलियातला तो किनारा, जिथे वाळूच नाही, पायांखाली निव्वळ नखाएवढे पांढरे शिंपले. एकात स्पेनमधला, कुरणाच्या मधोमध असलेला इवलासा किनारा. तिथून समुद्र दिसत नाही, तो जमिनीखालच्या वाटेनं गुपचूप येतो आणि भरतीला गवताच्या काठाशी लाटा फुटतात. वरदा प्रत्येक हौदातल्या पाण्याला बोटं लावून डोळ्यांना लावायची. जगाच्या पाठीवरचे किनारे तिच्या गावच्या जांभ्या दगडावर बाळसं धरत होते. याचा अभिमान तिला वाटे, आणि तो ती लपवतही नसे.

फक्त कातळसड्याच्या टोकाशी आली की ती खाली बघायची नाही.

खाली गाजवेळची पुळण होती. म्हणजे एके काळी होती. कोकणात समुद्रकाठच्या वाळूला पुळण म्हणतात, आणि गाजवेळची पुळण बोलायची. दुपारच्या कोरड्या वाळूतून टाच घासत चाललं की पायांखालून घुमल्यासारखा आवाज निघायचा, मोठ्या शंखात कुणी हलकेच फुंकर घालावी तसा. ऐकायला लांबलांबून माणसं यायची. पुळणीवरून वर येणाऱ्या वाटेवर एक सपाट दगड होता, पाय झटकायचा दगड. गावचं माणूस असो की पाहुणा, त्या दगडावर उभं राहून पाय झटकल्याशिवाय आणि चपला आपटल्याशिवाय वर यायचं नाही, असा रिवाज. वरदाची आई तर दगडापाशी ठाण मांडून बसायची. "खिसो झाड रे बाबा. पुण्यात नेऊन काय तिका भाकरी घालतलंस?" असं ती भल्याभल्यांना सुनवायची आणि लोक हसत हसत खिसे उलटे करायचे.

वर्षातून एकदाच वाळू वर यायची, हरतालिकेला. घरोघरच्या बायका आणि मुली मूठमूठ वाळू आणून महादेवाची पिंडी करायच्या, दिवसभर उपास करायच्या, पत्री वाहायच्या. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की तीच वाळू पुन्हा पुळणीवर.

मग समुद्र चढत गेला, वादळांमागून वादळं आली आणि पुळण ओसरली. लाटांनी नेलेली वाळू खोल पाण्यात जाऊन दुसऱ्या वाळूत मिसळली. राहिले ते काळे खडक आणि तो एक दगड.

पुळणशाळा गाजवेळात उभी राहिली ती वरदाच्या खटपटीनं. पहिल्याच वर्षी गावानं घरं धुंडाळली. माळे, जुन्या होड्या, देवळाची वळचण, सगळं पाहिलं. गाजवेळची वाळू कुठेच निघाली नाही. साऱ्या जगाला आवाहन केलं. कुणाकडेच नव्हती.

"बघा म्हणजे," फैयाजसाहेब एकदा म्हणाले होते, "जिथली माणसं लबाड होती, ते किनारे वाचले. आणि तुम्ही इतके सज्जन, की स्वतःच्या पुळणीची मूठभर वाळू तुमच्याकडे नाही."

वरदाला ते लागलं होतं. "आमच्या गावानं एक कण बाहेर जाऊ दिला नाही, याची मला लाज नाही वाटत," ती इतकंच बोलली. पण त्या दिवसापासून तिला एक प्रश्न कुरतडू लागला. आई, तू एखाद्याचा खिसा न तपासता सोडला असतास तर?

*

त्या वर्षीच्या हरतालिकेला दुपारी पूजा आटोपून वरदा टेकून बसली होती, तोच आटपाडीहून ताराआत्याचा फोन आला. तारा म्हणजे वरदाच्या वडिलांची धाकटी बहीण. गाजवेळच्या शाळेत आलेल्या एका देशावरच्या मास्तरांशी लग्न करून ती माणदेशात गेली होती. आता ऐंशीच्या घरात होती. डोळ्यांनी अंधुक दिसे, पण उपास सोडला नव्हता.

"पाणी तरी घेतलंस का गं?" आत्यानं विचारलं.

"नाही. तू?"

"मी कसली घेते. कधी घेतलंय? पिंडी कसली केलीस?"

"नदीची वाळू आणली. दुसरी कुठली मिळणार?" वरदा म्हणाली. "तुझी माणगंगेची का?"

"इश्श. मी कशाला माणगंगेची घेऊ? माझी आपली ती आपल्या पुळणीचीच."

वरदा ताठ बसली. "आत्या, काय म्हणालीस?"

"आपल्या पुळणीची गं. फिरकीच्या झाकणाच्या डब्यातली. लग्न झालं तेव्हा वैनीनं दिलेली ना. म्हणजे तुझ्या आईनं."

आणि मग त्या भुकेल्या दुपारी आत्यानं जे सांगितलं, ते असं. लग्न होऊन निघताना ती वैनीच्या मागे लागली होती, की सासरी पहिली हरतालिका मी दुसऱ्या वाळूची करणार नाही. पाय झटकायच्या दगडापाशी बसणाऱ्या त्या करड्या बाईनं बराच वेळ विचार केला आणि पितळी डब्यात मूठभर वाळू घालून दिली. 'पण ताराबाय, परत आणतलंस ना?' 'आणीन वैनी.' पुढे दर वर्षी माहेरी येताना तारा जुनी वाळू पुळणीवर ठेवायची आणि नवी मूठ घेऊन जायची. शेवटची मूठ नेली, त्यानंतरच्या पावसाळ्यात वैनी गेली, पाठोपाठ पुळणही गेली.

"मग तू सांगितलं का नाहीस?" वरदानं विचारलं. "सगळं गाव शोधत होतं गं."

"काय सांगणार? परत न केलेल्या वस्तूचा कुणी डांगोरा पिटतं का? परत ठेवायला पुळणच नाही, म्हटलं बसावं जपून. वर गेल्यावर वैनी विचारील, तर दाखवायला हाती तरी असेल."

*

पुढच्याच आठवड्यात वरदा आटपाडीला पोचली. आत्यानं देवघरातून डबा काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"घरं बदलली, माझी पुस्तकं कुठेकुठे गेली," मास्तर खुर्चीतून म्हणाले. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते जोरात बोलत. "पण हा डबा? हा पहिला गाडीत. मी दुसरा."

"मग? तुम्हाला कुठे परत करायचं होतं?" आत्या म्हणाली.

वरदानं फिरकी उघडली. आत करड्या रंगाची, एकसारख्या गोल कणांची वाळू होती, क्वचित एखादा कण पिवळसर. दर पूजेनंतर आत्या ती मलमलीतून चाळायची, सावलीत वाळवायची. तरी हळदीकुंकू थोडं चिकटून राहिलं होतंच. वरदानं बोट बुडवून कण चोळले. चिमटीतून बारीकसं कुरकुरलं. तिचे डोळे भरून आले.

पण न सांगता नेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आत्या, ऐक. ही यंत्राखाली गेली की संपेल. एक कणही उरणार नाही."

"थोडी घेऊन चालणार नाही?"

"चालेल. पुळण येईल पण ती मुकी असेल. परदेशातल्या एका बोलक्या किनाऱ्याचं तसं झालंय. मूठ अपुरी पडली. दिसायला हुबेहूब, पण चाललं तर नुसती वाळू."

आत्या डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"वैनीला शब्द दिलाय गं मी," ती अखेर म्हणाली. "ही मूठ तिथे परत ठेवीन म्हणून. तू ही विरघळवलीस की मी काय ठेवू?"

एका बाजूला सगळ्या गावाची पुळण, दुसऱ्या बाजूला या म्हातारीचा शब्द. आणि तो ज्या बाईला दिलेला, तिनंच वरदालाही घेतलेलं परत ठेवायला शिकवलेलं. ती डब्याचं झाकण लावून तो परत सरकवणार, तोच आत्यानं तिचा हात धरला.

"आपल्यात उसनी आणलेली वाटी रिकामी परत धाडतात का गं?"

"नाही."

"मग हा डबा मला भरून आणून दे. नवी पुळण वर आली की पहिली मूठ माझी. तिची मी पिंडी करीन, आणि उत्तरपूजा झाली की माझ्या हातानं पुळणीवर ठेवीन. तेव्हा फिटेल माझं. दे शब्द."

"अगं, पुढल्या वर्षी नाही व्हायचं. तीन वर्षं तरी लागतील. चारही लागतील."

"लागू देत. मी थांबते," आत्या म्हणाली, जणू एसटीसाठीच थांबायचं होतं. "मला कुठे जायची घाई आहे?"

वरदानं वाकून तिच्या पायांना हात लावला. शब्द दिला.

*

कणवाचकानं गाजवेळची मूठ वाचायला घेतली त्या दिवशी सड्यावर निम्मं गाव जमलं होतं. मध्येच यंत्र अडलं. 'अनोळखी पिवळं द्रव्य' असं पडद्यावर आलं.

फैयाजसाहेब वाकून बघू लागले. "हे काय? जगातल्या कुठल्याच वाळूत हे पाहिलं नाही मी."

"हळद आहे ती," वरदा म्हणाली.

बायकांमध्ये हशा पिकला. फैयाजसाहेबांनी गंभीरपणे यंत्राला हळद म्हणजे काय ते शिकवलं, मग कुंकू शिकवलं, आणि वाचन पुढे सुरू झालं. कणांच्या खाचांतली साय जिवंत होती. हळदीखालीही तग धरून होती. शेवटचा कण विरघळला. वरदानं रिकामा डबा पदरानं पुसून घरच्या देव्हाऱ्यात ठेवला.

पहिल्या वर्षी हौद भरले. दुसऱ्या वर्षी समुद्रात पेरणी झाली, आणि आलेल्या वादळात निम्मी वाहून गेली. पुन्हा पेरली. तिसऱ्या वर्षी ओहोटीला खडकांच्या पायथ्याशी करड्या वाळूची एक रेघ दिसू लागली. गावातली म्हातारी माणसं नातवंडांना खांद्यावर घेऊन ती रेघ दाखवायला आणू लागली. चौथ्या उन्हाळ्यात रेघेची पुळण झाली. याच काळात बहामाहून एक चित्रफीत आली. गुलाबी किनाऱ्यावर माणसं उभी राहून हात हलवत होती, आणि त्यांच्यातली एक बाई अडखळत, पण मराठीत, म्हणाली, "गाजवेळला नमस्कार." ती चित्रफीत शाळेच्या पटांगणात पुन्हा पुन्हा दाखवली गेली. वरदानं ती प्रत्येक खेपेला पाहिली.

आत्या थांबली होती. फोनवर एकच प्रश्न असे. "आली का वर?" वरदा म्हणे, "येतेय." "बोलते का?" "अजून पाय लावला नाही कुणी. पहिली मूठ निघाल्याशिवाय लावायचा नाही, असं ठरलंय."

हरतालिकेच्या आधी पावसानं उघडीप दिली. आठवडाभर ऊन पडलं होतं आणि वरची वाळू चांगली कोरडी झाली होती. आदल्या दिवशी वरदा डबा घेऊन खाली उतरली. फैयाजसाहेब दगडापाशीच थांबले.

"ताई, नियम माहीत आहे ना? उगवलेल्या प्रत्येक किनाऱ्याची पहिली मूठ आपल्या कोठीत. पुन्हा गेला तर विरजण हवं."

"पहिली आटपाडीला. दुसरी कोठीत."

"आणि वाटेत सांडली तर?"

"इतकी वर्षं आत्यानं सांडली नाही. तुमच्या कोठीपेक्षा तिचा देव्हारा भरवशाचा."

ते हसले. "बरं तर. कागदोपत्री लिहून टाकतो, पुळणशाळा, आटपाडी शाखा."

वरदानं वाळूला आधी हात लावून नमस्कार केला आणि मग पाय ठेवला. पहिलं पाऊल मुकं गेलं. दुसरंही. मग तिला आठवलं, आई टाच घासायला सांगायची. तिनं टाच दाबून घासली.

पुळण बोलली.

वरदा जागच्या जागी थांबली. पुन्हा घासली. आवाज होता, पण तो शंखाचा खोल घुमारा नव्हता. वरच्या पट्टीतला होता, कोवळा, नुकतं बोलू लागलेल्या पोरीसारखा. कण नवे होते. लाटांनी ते अजून झिजवायचे होते, घोटायचे होते. आवाज खाली उतरायला एखादा जन्म जाईल, कदाचित त्याहून जास्त. वरदाला वाटलं होतं आईचा आवाज ऐकू येईल. आली होती ती लेक. आणि तरीही तिची छाती अभिमानानं भरून आली, कारण ही लेक याच दगडापाशी, याच गावाच्या डोळ्यांसमोर वाढली होती.

"मूठभरच," ती स्वतःशीच पुटपुटली. एक मूठ डब्यात घातली आणि फिरकी घट्ट लावली.

वर येताना ती दगडावर उभी राहिली. पाय झटकले, चपला आपटल्या. फैयाजसाहेबांनीही, न सांगता, आपले खिसे उलटे करून दाखवले.

सड्यावर आटपाडीची विजेवरची एसटी उभी होती. खिडकीपाशी बसून वरदानं डबा मांडीवर घेतला. उद्या पहाटे आत्याचे अंधुक डोळे काही पाहणार नाहीत. पण तिची बोटं पिंडी घडवतील. साठ वर्षं ओळखीची वाळू त्या बोटांना माहीत होती. ही तीच आहे असं त्यांना वाटेल, की हाताखाली कुणी नवं माणूस आल्यासारखं वाटेल? आणि परवा उत्तरपूजा करून आत्या गाजवेळला येईल आणि ती मूठ पुळणीवर ठेवील, तेव्हा वैनीला दिलेला शब्द पाळला गेला असं म्हणायचं, की एक नवा शब्द सुरू झाला असं म्हणायचं?

गाडी सुरू झाली. वरदानं दोन्ही हातांनी डबा धरला आणि वाटेतल्या वळणांकडे लक्ष देत, जराही न हिंदकळू देता, ती आटपाडीला निघाली.